टेलिफोन एक्स्चेंजपासून लांब असलेल्या घरात कामापुरतं इंटरनेट कसं आणावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. घर राजापूरच्या बाजूला एका वाडीत. एक्स्चेंज रस्त्याने साडेचार किलोमीटर. लँडलाइनवरचं ब्रॉडबँड एक एमबीपीएसच्या वर जात नाही आणि पाऊस लागला की तुटतं. मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. आणि घरून नोकरी करायची आहे. मी देवगड तालुक्यात अशाच वाडीत राहतो, घरूनच काम करतो, आणि आजूबाजूच्या बऱ्याच घरांत जोडण्या करून देताना सोबत राहिलो आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या तांब्याच्या तारेकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवा. एडीएसएल २+ (लँडलाइनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारं तंत्र) चा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस असतो, पण तो एक्स्चेंजच्या दाराशी. या तंत्रात सिग्नल २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून जातो आणि तांब्यात वरच्या पट्ट्या सगळ्यात आधी मरतात. साडेचार किलोमीटरवर फक्त खालच्या थोड्या पट्ट्या जिवंत पोचतात. मॉडेमच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१) ‘लाइन अटेन्युएशन’ (तारेत सिग्नल किती क्षीण झाला) नावाचा आकडा दिसेल. तुमच्या अंतरावर तो साठ डेसिबलच्या आसपास असणार, आणि एवढ्या क्षीण झालेल्या लाइनवर एक-दोन एमबीपीएस ही जवळजवळ कमाल आहे. प्लॅन मोठा घेतला किंवा मॉडेम महागातला आणला म्हणून हे बदलत नाही. शिवाय तार रस्त्याने मोजलेल्या अंतराने जात नाही, ती खांबाखांबावरून वळसे घेत जाते.

तुटण्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते पुष्कळदा दुरुस्त होतं. त्याच पानावर ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली मोकळीक) बघा. तो सहा डेसिबलच्या खाली गेला की लाइन डळमळते. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरतं, गोंगाट वाढतो, मार्जिन खाली येतं आणि मॉडेम पुन्हा जोडायला लागतो. फोन उचलून ऐका; खरखर असेल तर दोष जॉइंटमध्ये किंवा झाडाला घासणाऱ्या ड्रॉप वायरमध्ये (खांबावरून घरात येणाऱ्या तारेत) आहे. मॉडेम थेट रोझेटला (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीला) जोडून बघा. घरात दुसऱ्या खोलीत नेलेली जुनी समांतर वायर काढून टाका. फोन लावायचा तर स्प्लिटरमधूनच (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणाऱ्या डबीतूनच) लावा. मग लाइनमनला सांगून डीपीपासून (खांबावरच्या टेलिफोनच्या पेटीपासून) घरापर्यंतचे जॉइंट नवे करून घ्या, आणि एक्स्चेंजमध्ये विनंती करून तुमच्या पोर्टचा वेग मुद्दाम खाली बांधून घ्या. न तुटणारा पाऊण एमबीपीएस हा सारखा तुटणाऱ्या दीड एमबीपीएसपेक्षा कामाला कितीतरी चांगला. ईमेल, कागदपत्रं, आवाजावरची मीटिंग त्यावर निभावते. पण जानेवारी २०२३ पासून सरकारच्या व्याख्येत दोन एमबीपीएसच्या खालच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणतच नाहीत, आणि नोकरी एवढ्यावर चालणार नाही. तांब्यावर याहून जास्त पैसा आणि जीव खर्च करू नका.

माझं मत स्पष्ट आहे: घरात बसून सिग्नलची वाट पाहायची नाही. चांगला सिग्नल घराच्या जवळात जवळ कुठे येऊन थांबला आहे ते शोधायचं, आणि तिथून पुढचा तुकडा आपण घरापर्यंत आणायचा. हा तुकडा कधी पन्नास मीटरचा निघतो, कधी तीन किलोमीटरचा. उपाय त्यावरून ठरतो.

सगळ्यात चांगला उपाय अर्थातच फायबर. घरोघरच्या फायबरला जे जीपॉन तंत्र वापरतात त्याची पोच वीस किलोमीटर असते, म्हणजे तुमचे साडेचार किलोमीटर त्याच्या हिशेबात काहीच नाहीत. अडचण वेगळीच असते: एका घरासाठी एवढी केबल ओढणं कुणालाच परवडत नाही. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. वाडीतली आणि रस्त्यावरच्या शेजारच्या वाड्यांतली आठ-दहा घरं गोळा करा, नावं आणि फोन नंबर लिहिलेला कागद तयार करा, आणि तो घेऊन दोघातिघांनी जा. आधी बीएसएनएलसाठी फायबर टाकणाऱ्या स्थानिक भागीदाराकडे, मग तालुक्याच्या केबलवाल्याकडे. केबल टीव्हीवाले आता बहुतेक ठिकाणी इंटरनेटही देतात आणि वाडीवाडीत कुठल्या खांबावरून केबल नेता येईल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. एकत्र गेलेल्या माणसांना ‘बघू’ असं उत्तर देणं अवघड जातं. आमच्याकडे जिथे जिथे फायबर आलं तिथे ते असंच आलं.

ग्रामपंचायतीतही जाऊन या. भारतनेट ही योजना २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली, तेव्हापासून देशभर ग्रामपंचायतींपर्यंत केबल टाकणं चालू आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या पेटीत त्या केबलचं उपकरण असतं. त्याचे दिवे लागलेत का ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत (१,३९,५७९ कोटी रुपये) मागणी आल्यास ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांनाही जोडणी देण्याची तरतूद आहे. ‘मागणी’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. ग्रामसभेत ठराव करून घ्या. लेखी ठराव सरपंचांच्या हातात असला की पाठपुरावा करायला काहीतरी आधार राहतो.

फायबर आलं तर बसवायला आलेल्या माणसाकडून एक आकडा लिहून घ्या: घरात पोचणारी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. ती उणे पंधरा ते उणे पंचवीस डीबीएम असेल तर उत्तम. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेली की लाल दिवा लागायला सुरुवात होते. पुढे कधी बिघाड झाला तर ‘तेव्हा उणे एकवीस होती, आता उणे सव्वीस आहे’ एवढं सांगितलं तरी समोरच्याला केबल कुठेतरी दबली आहे हे लगेच कळतं. आपल्याकडे केबलचे खरे वैरी दोन, वादळात पडणाऱ्या फांद्या आणि केबलीवर झोके घेणारी माकडं. म्हणून घराजवळच्या खांबावर केबलचं थोडं जास्तीचं वेटोळं ठेवायला सांगा. तुटली तर तिथून ओढून जोडता येते.

फायबर येईपर्यंत, किंवा आलंच नाही तर, मोबाइलचं नेटवर्क. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

फोनवरच्या दांड्या बघू नका. नेटवर्कचे आकडे दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या आणि ‘आरएसआरपी’ (टॉवरच्या सिग्नलची ताकद, हीही डीबीएममध्ये) बघा. उणे नव्वद म्हणजे छान, उणे शंभर म्हणजे चालेल, उणे एकशे दहाच्या पलीकडे म्हणजे त्रास. सगळ्या कंपन्यांची सिमं शेजाऱ्यांकडून मागून घ्या आणि अंगण, माडी, परड्याचं टोक, वरचा सडा (कातळाचं पठार) सगळीकडे फिरा. आपल्या वाड्या वहाळाच्या कडेने खोलात वसलेल्या, आणि टॉवर वर सड्यावर किंवा पलीकडच्या बाजारपेठेत. त्यात जांभ्याच्या जाड भिंती आणि घराभोवती आंबा-फणसाची दाटी. घरात उणे एकशे अठरा आणि तीस मीटरवरच्या गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) उणे अठ्ठ्याण्णव असं मी स्वतः मोजलेलं आहे. टॉवर नेमका कुठे आहे ते दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर सापडतं. वेगाची चाचणी मात्र रात्री आठ ते दहा या वेळात करा, आणि जमलं तर गणपतीत किंवा मे महिन्यात. मुंबईहून चाकरमानी आले की तोच टॉवर तुंबतो. सकाळी सहाला मिळालेल्या वेगावर नोकरीचा निर्णय घेऊ नका.

जागा सापडली की तिथे घराबाहेर लावायचा, सिम घालायचा राउटर बसवा. तो लॅनच्या केबलीतूनच वीज घेतो आणि ती केबल शंभर मीटरपर्यंत चालते. दुकानदार तुम्हाला याऐवजी घरातला राउटर, छपरावर अँटेना आणि मधे पंधरा-वीस मीटर बारीक काळी केबल असं विकायचा प्रयत्न करतील. ते घेऊ नका. त्या बारीक केबलीत दहा मीटरमध्येच निम्म्याहून जास्त सिग्नल खलास होतो, म्हणजे अँटेनाने जे कमावलं ते केबलीने खाल्लं. रेडिओ वर खांबावर हवा आणि खाली फक्त लॅनची केबल यायला हवी, तीही उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराची. शंभर मीटरपेक्षा लांब जागा असेल तर मधे फायबरचा तुकडा टाका. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन आणि फायबर एकमेकांना जोडणारे डबे) लागतात, ते स्वस्त मिळतात. वरच्या टोकाला विजेची सोय मात्र हवी.

बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर अजिबात आणू नका. खाजगी माणसाने ते लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि तुमचा बूस्टर आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो.

२०२३ पासून जिओ आणि एअरटेल ‘एअरफायबर’ देतात. तेही मुळात हेच आहे, छपरावर ५जी पकडणारा डबा आणि घरात वायफाय. तुमच्या सड्यावर ५जी पोचलं असेल तर आधी त्याची चौकशी करा.

आता तीन किलोमीटरचा तुकडा. राजापूरच्या बाजारात किंवा मोठ्या रस्त्यालगत तुमच्या नात्यातल्या कुणाकडे फायबर असेल, आणि त्यांच्या माडीवरून तुमच्या परड्याचा माथा डोळ्यांनी दिसत असेल, तर दोन छोट्या डिश समोरासमोर लावून पाच गिगाहर्ट्झवर जोडणी होते. २०१८ पासून या पट्ट्यातला मोठा भाग घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो. नुसतं ‘दिसतंय’ एवढ्यावर थांबू नका. तीन किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर त्या सरळ रेषेच्या भोवती साधारण सहा मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. मधलं एक भिजलेलं आंब्याचं झाड सगळं बिघडवू शकतं. ही जोडणी शेजाऱ्यांना पैसे घेऊन द्यायची झाली तर कंपनीच्या अटी आड येतात. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना बघा. त्यात लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येतं.

उपग्रहाबद्दलही लोक विचारतात. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहातून येणारं इंटरनेट चालतं, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो, व्हिडिओ मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागतात. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे ही अडचण नाही. कंपनीला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. तुमच्या पत्त्यावर जोडणी मिळते का हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघूनच पुढे जा, मधल्या एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका.

काहीही बसवलं तरी विजेचं बघा. आपल्याकडे इंटरनेट गेलं असं वाटतं तेव्हा पुष्कळदा फक्त लाइट गेलेली असते. राउटर आणि फायबरचा डबा बहुधा बारा व्होल्टवर चालतात, त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. आणि खांब पावसाच्या आधी उभा करून त्याला चांगलं अर्थिंग द्या. मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की टेलिफोनची तार, खांबावरून आलेली लॅन आणि विजेचा प्लग तिन्ही काढून ठेवा. काचेच्या फायबरमधून वीज घरात येत नाही, पण बऱ्याच ड्रॉप केबलींत आधाराला पोलादी तार असते. ती घराबाहेरच्या हुकापाशीच कापून आत फक्त फायबर घ्यायला बसवणाऱ्याला सांगा.