पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासासाठी हार्मोन थेरपी सुरू केल्यापासून चिडचिड आणि धडधड वाढली आहे, गोळ्या बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका. विशेषतः गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन चालू ठेवून फक्त प्रोजेस्टेरॉन सोडणं धोक्याचं आहे. आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो.

आधी त्रास कोणत्या दिवशी होतो ते पाहा. दोन महिने रोज रात्री वहीत एक ओळ पुरे: कोणतं औषध, किती वाजता, झोप कशी, घालमेल १० पैकी किती. महिन्यातले १२-१४ दिवसच प्रोजेस्टेरॉन असेल आणि रडू, चिडचिड नेमकी त्याच दिवसांत येत असेल, तर बहुधा तेच कारण. मग डॉक्टर प्रकार बदलून देऊ शकतात: कृत्रिम प्रोजेस्टिनऐवजी (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (शरीरातल्यासारखंच, बारीक कणांचं), किंवा कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारं साधन. मायक्रोनाइज्ड गोळीने गुंगी येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची. काहींना मात्र तिनेही उदास वाटतं, तेही सांगा.

गोळीऐवजी त्वचेवर चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा इस्ट्रोजेनचा पॅच असेल आणि बदलायच्या आदल्या दिवशी घालमेल वाढत असेल, तर कडा सुटल्यात का बघा. तेलकट किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर तो नीट चिकटत नाही.

नवीन डोस बसायला साधारण तीन महिने लागतात. धडधड असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच; सगळं हार्मोनच्या माथी मारू नका. जीव नकोसा वाटत असेल तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.