प्रथिन न बनवणारा लांब आरएनए कॅन्सर कसा वाढवतो? त्याची तपासणी होते का?

होते. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरमधला पीसीए३ हा असाच आरएनए घ्या. त्याचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, गाठ रोखणाऱ्या प्रून२ जनुकाच्या पोटातच आहे, पण वाचलं जातं उलट दिशेने. म्हणून दोघांचे आरएनए एकमेकांना चिकटतात, एडार एन्झाइम त्या जोडीत फेरफार करतात आणि प्रून२ घटतं. पेशींचा लगाम सुटतो तो इथे.

तपासणी लघवीवर होते. डॉक्टर गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेटच्या दोन्ही बाजू प्रत्येकी तीनदा दाबतात. लगेच येणारी पहिली २०-३० मिली लघवी घ्यायची. मधली धार देण्याची सवय इथे नडते, कारण सुटलेल्या पेशी पहिल्या धारेतच येतात. पीसीए३ आरएनएला पीएसए या प्रोस्टेटच्या पेशींत बनणाऱ्या प्रथिनाच्या आरएनएने (रक्तातल्या पीएसएने नव्हे!) भागून १००० ने गुणलं की स्कोअर मिळतो. पीएसए आरएनए फार कमी भरला तर नमुना बाद, कारण प्रोस्टेटच्या पेशीच पुरेशा आलेल्या नसतात.

अमेरिकेत २०१२ मध्ये या तपासणीला मान्यता मिळाली, तीही आधीची बायोप्सी निगेटिव्ह असलेल्यांसाठी; सीमारेषा २५. त्याखालचा स्कोअर म्हणजे पुन्हा बायोप्सी केल्यास कॅन्सर सापडण्याची शक्यता कमी. गाठ किती आक्रमक आहे, हे मात्र यावरून ठरवू नका.