जवायाले क्रोनोग्राफ घड्याळ घ्याव का?

प्रश्न: भाऊ, पोरीचं लग्न हाय, जवायाले ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (हाताच्या हालचालीनं चावी भरणारं, स्टॉपवॉचवालं घड्याळ) द्याचं मनात हाय. नागपूरच्या शोरूममध्ये एक स्विस पाहून आलो, दीड लाख सांगते, दिसाले भारी हाय पण पैसा वसूल होईन का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: दादा, डायल मग पहा, पहिले आतली मशीन कोणती ते विचारा. या किमतीत बऱ्याच स्विस घड्याळात वाल्जू ७७५० नाहीतर तिच्याच घराण्यातली मशीन असते, ७० च्या दशकात आलेली, तासाला २८,८०० ठोके, दणकट हाय आणि कारागिरांच्या ओळखीची हाय म्हणून मला ती पसंत. पण मशीनच ७.९ मिलिमीटर जाड, मग घड्याळ हातावर उंच बसते, जवायाचं मनगट बारीक असन तर बाहीत अडकन, म्हणून त्यायलेच घालून पाहू द्या. छोटे डायल मोठे आकडे कापत असन तर मी घेणारच नाही, वेळ एका नजरेत कळलीच पाहिजे. स्टॉपवॉचचं रिसेट बटन दाबल्यावर त्याचा सेकंदाचा काटा बरोबर १२ वर आला पाहिजे. सर्व्हिसिंग साध्या घड्याळापेक्षा महाग पडते, ते नागपूरलेच होते का बाहेर पाठवतात हे बिलाआधीच विचारा. आणि नुसती अचूक वेळच पाहिजे असन तर क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) घ्या, निम्म्याहून कमी पैशात येते.