'बोगनवेल'मधलं 'बोगन' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय: "अमरवेल, गुळवेल, नागवेल हे कळतं, पण बोगनवेलमधलं बोगन म्हणजे काय? संस्कृत आहे का? आणि लिहिताना बोगनवेल बरोबर की बोगनविलिया?"

बोगनला काहीही अर्थ नाही हो. शब्दकोश उघडून बसू नका, मी बसलो होतो, बोगदा आणि बोचकं यांच्या आसपास फिरून परत आलो. आणि जो 'वेल' तुम्हाला कळला असं वाटतंय ना, तोही मुळात तिथे नव्हता. हे अख्खं एका फ्रेंच माणसाचं आडनाव आहे. लुई-आंत्वान द बूगँव्हिल, आरमारी अधिकारी, जगप्रदक्षिणा करून आलेला आणि तिचं वर्णन लिहून गाजलेला. आडनावातलं शेवटचं 'व्हिल' म्हणजे फ्रेंचमध्ये गाव, शहर, आपल्या वाडी नाहीतर पूर सारखं. उत्तर फ्रान्समध्ये या नावाचं एक गाव आजही आहे. म्हणजे आपल्या कानाला जिथे वेल ऐकू येतो तिथे खरं तर गाव आहे.

झालं काय, तर वनस्पतीला आडनावावरून लॅटिन नाव दिलं, ते इंग्रजीतून आपल्याकडे बूगनविलिया असं काहीतरी होऊन आलं, कुंपणावर चढणारं झाड समोर दिसतच होतं, आणि मराठी माणसाने ऐकलं 'वेलिया'. मग तो 'या' कशाला हवाय, वेल म्हणा की सरळ. उरलेला बोगन तसाच पुढे लटकत राहिला. अनोळखी शब्दात ओळखीचा तुकडा सापडला की आपण त्याला धरून बाकीचं सोडून देतो. बंगाल्यांनी तर याहून भारी केलंय, त्यांनी पूर्ण शब्दालाच अर्थ लावला: बागानबिलास. बागेचा विलास! आवाज जवळपास तोच ठेवून इतकं सुंदर नाव, मला तर जरा हेवाच वाटतो. तमिळ, तेलुगू, कन्नडवाल्यांनी आडनावाच्या भानगडीत न पडता सरळ कागदाचं फूल म्हटलं.

आता त्या माणसाबद्दल, कारण फूल सगळ्यांना माहितीये आणि माणूस कोणालाच नाही. लोक याला फ्रेंच काउंट म्हणून सांगतात, ते खरंय पण अर्धंच, कारण काउंट ही पदवी नेपोलियनने १८०८ मध्ये दिली तेव्हा हे गृहस्थ ऐंशीला टेकले होते. जन्म १७२९ चा, पॅरिसचा, वडील नोटरी. पंचविशीत इंटिग्रल कॅल्क्युलसवर पुस्तक लिहिलं आणि त्यावर लंडनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेने सभासद करून घेतलं. एवढं झाल्यावर माणूस प्रोफेसर होईल ना, हा सैन्यात गेला, कॅनडात इंग्रजांशी लढला, फ्रान्सने कॅनडा गमावला, आणि मग तिशी उलटल्यावर साहेब आरमारात शिरले.

तिथे पहिलं मोठं काम म्हणजे १७६४ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर फ्रेंच वस्ती वसवली. निघाले सॅं-मालो बंदरातून, म्हणून बेटांचं नाव पडलं मालुईन. नंतर स्पेनने हक्क सांगितला, फ्रान्सने बेटं देऊन टाकली, आणि स्पॅनिश तोंडात मालुईनचं झालं माल्विनास, जे अर्जेंटिनावाले आजही म्हणतात. ज्याच्या नावाचा आपण वेल केला त्याने ठेवलेल्या नावाचंही दुसऱ्या कोणीतरी असंच केलं, हे मला फार आवडतं.

मग १७६६ च्या शेवटी जगप्रदक्षिणा. जहाजाचं नाव 'बूदोझ', त्याचा अर्थ चक्क रुसूबाई! (युद्धनौकेला असलं नाव ठेवणाऱ्या माणसाला भेटायला आवडलं असतं.) सोबतचं मालवाहू जहाज 'एतुआल', म्हणजे तारा, ते मागून येऊन १७६७ मध्ये रिओ द जानेरोला भेटलं. त्या जहाजावर होते वनस्पतीतज्ज्ञ फिलिबेर कोमेर्सों आणि त्यांचा नोकर. रिओच्या आसपास हे जांभळं-गुलाबी झुडूप सापडलं आणि कोमेर्सोंनी त्याला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. म्हणजे झाड बूगँव्हिलने शोधलं असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते चूक, त्याचं फक्त नाव लागलं.

आणि तो नोकर म्हणजे खरं तर बाई होती. जान बारे. आरमारी जहाजावर बायकांना मनाई, म्हणून पुरुषाच्या कपड्यात चढली. कोमेर्सोंचा पाय तेव्हा जखमेने खराब झालेला, त्यामुळे नमुने गोळा करायची पायपीट बरीचशी तिच्यावर, म्हणून पहिली फांदी तिनेच तोडली असावी असं बरेच जण मानतात. पुढे प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर लोकांनी तिला बघताक्षणी ओळखलं असं खुद्द बूगँव्हिलने लिहून ठेवलंय. जगप्रदक्षिणा केल्याची नोंद असलेली ही पहिली स्त्री. २०१२ मध्ये बटाटा-वांग्याच्या कुळातल्या एका वेलीला तिचं नाव दिलं, अडीचशे वर्षांनी का होईना.

आता शब्दाकडे परत. तुम्ही म्हणाल आपण मराठी लोकांनी नावाची वाट लावली. तसं नाहीये. हे नाव शास्त्रीय पुस्तकात पहिल्यांदा छापलं गेलं १७८९ मध्ये, ज्युसिअ या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने छापलं, आणि त्याने स्पेलिंग केलं 'बुगिनव्हिलिया' वाचलं जाईल असं काहीतरी. फ्रेंच माणसाने, पॅरिसमध्ये, ज्याचं नाव तो कप्तान जिवंत असताना! ते नीट व्हायला विसाव्या शतकातलं १९३० चं दशक उजाडलं. मेक्सिकोत तर अजून बुगाम्बिलिया म्हणतात.

पण सगळ्यात भारी प्रकार ताहितीचा. एप्रिल १७६८ मध्ये जहाजं तिथे पोचली, निघताना आहुतोरू नावाचा एक ताहितीयन माणूस हौसेने सोबत पॅरिसला आला. ताहितीच्या भाषेत ब नाही, ग नाही, ल नाही, आणि शब्द व्यंजनावर संपत नाही. मग बूगँव्हिल कसं म्हणणार? पुतावेरी. जरा हळू म्हणून बघा, बू-गँ-व्हिल, पु-ता-वेरी. ब चा प झाला, ग च्या जागी त आला, ल चा र होऊन पुढे ई लागली कारण स्वर हवाच. एकदम नियमात बसणारं आहे, चूक नाहीच ती. आणि तिकडे मित्राशी नावांची अदलाबदल करायची पद्धत, म्हणून आहुतोरू स्वतःलाही पुतावेरी म्हणवून घ्यायचा. पॅरिसमध्ये वर्षभर राहिला, ऑपेरा त्याला फार आवडायचा, एकटा बरोबर पोचायचा म्हणे. त्याला घरी परत पाठवायला बूगँव्हिलने आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा खर्च केला, पण १७७१ मध्ये वाटेतच देवीच्या रोगाने तो गेला. त्याच वर्षी इकडे प्रवासवर्णन छापून आलं आणि युरोपभर गाजलं.

पुढचं आयुष्य पटकन सांगतो: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच आरमारातून लढला, १७८१ ची चेसापीकची लढाई जिंकणाऱ्या ताफ्यात होता, पुढच्या वर्षीच्या पराभवानंतर चौकशी आणि ठपका, राज्यक्रांतीतून वाचला, नेपोलियनचा सिनेटर झाला, १८११ मध्ये गेला, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरामोठ्यांच्या स्मारकात पुरलाय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लिहायचं काय. माझं मत बोगनवेल, आणि ते भाषाभिमान वगैरेमुळे नाही तर व्याकरणामुळे. बोगनवेल म्हटलं की पुढचं सगळं आपोआप होतं: ती बोगनवेल, त्या बोगनवेली, बोगनवेलीला पाणी कमी घाल, बोगनवेलीचे काटे. आमची आजी फाटकाजवळून चपला घालून आलेल्या प्रत्येकाला ओरडायची, "बोगनवेलीचा काटा आणू नकोस घरात", यातलं 'बोगनवेलीचा' तिला कोणी शिकवलं नव्हतं. उलट बोगनविलिया म्हटलं की लोक अडखळतात, बोगनविलिया फुलला की फुलली की फुललं? मी तिन्ही ऐकलंय, एकदा एकाच माणसाकडून. नुसता वेल शब्द मराठीत तो पण चालतो आणि ती पण, पण बोगनवेल बहुतेक सगळे 'ती'च म्हणतात.

वनस्पतीशास्त्राचा किडा असलेला कोणीतरी म्हणेलच की ही वेल नाहीच, झुडूप आहे. मान्य, काकडीला असतात तसे स्प्रिंगसारखे तणावे हिला नसतात, ती काट्यांनी अडकत अडकत दुसऱ्याच्या अंगावर चढते. आणि आपण जी फुलं म्हणतो ती रंगीत पानं, खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरी नळी, एका झुबक्यात तीन. नळी नीट बघितलीत तर गुलबक्षीची आठवण येईल, दोघी एकाच कुळातल्या.

बाकी आमच्या नर्सरीतल्या काकांनी हा सगळा वाद कधीच मिटवलाय. ते नुसतं "बोगन" म्हणतात. "डबल बोगन हवी का साधी?" म्हणजे जोडशब्दातला जो तुकडा सगळ्यांना कळतो तो त्यांनी टाकून दिला आणि ज्याला काही अर्थ नाही तेवढा ठेवला, तरी आजवर एकही गिऱ्हाईक चुकीचं रोप घेऊन गेलं नाहीये.