पट्टाच संपला, तर फ्रीहोल्ड कशाचे करायचे?

इंदूरच्या एका वाचकांच्या वडिलांना मार्च 1991 मध्ये विकास प्राधिकरणाकडून 30 वर्षांच्या लीजवर (म्हणजे भाडेपट्ट्यावर) निवासी भूखंड मिळाला. त्यावर घर झाले आणि 2014 मध्ये वडील मृत्युपत्र न करता वारले. आता घर विकायचे आहे, पण ग्राहकाची बँक फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीची पूर्ण मालकी, मागते, तेव्हा ते करून घ्यायला किती दिवस लागतील, असा त्यांचा प्रश्न आहे. याच वळणाचे प्रश्न मला वारंवार येतात आणि बहुतेकांना फक्त दिवस हवे असतात.

त्या वाचकांना माझे उत्तर असे: आपण लीजडीडचे पहिले व सह्यांचे शेवटचे पान पाठवले होते. मधली पाने मागून घ्यावी लागली आणि प्रश्नाचा निकाल चौथ्या पानावरच निघाला. मुदत संपण्यापूर्वी सहा महिने लेखी अर्ज केल्यास पुढील 30 वर्षांसाठी नूतनीकरण होईल, असे तेथील कलम आहे. ‘सहा’ हा शब्द रिकाम्या जागेत निळ्या शाईने भरला आहे. म्हणजे सप्टेंबर 2020 पूर्वी अर्ज जायला हवा होता. तो गेला नाही आणि मार्च 2021 मध्ये पट्टा संपला.

‘फ्रीहोल्ड’ हा शब्द इंग्लंडच्या जमीन कायद्यातून आलेला आहे. आपल्याकडे त्याचा व्यवहारातला अर्थ मुदत नाही, भूभाटक (जमिनीचे वार्षिक भाडे) नाही आणि विक्रीला पट्टा देणाऱ्याची परवानगी लागत नाही, एवढाच. (निवासी भूखंडावर दुकान काढायची मुभा त्यातून मिळत नाही, नगर नियोजनाचे नियम तसेच राहतात.) लीजचे फ्रीहोल्ड करताना, म्हणजे रूपांतरणात, प्राधिकरण स्वतःकडे राखलेला मालकीहक्क चालू पट्ट्याच्या धारकाला देते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 111 प्रमाणे मुदत सरताच पट्टा संपतो, त्यामुळे आज आपल्या हातात घराचा ताबा आणि एक विनंती, इतकेच आहे.

2021 नंतरही भूभाटक स्वीकारले गेले, यावर आपला भर आहे. मुदतीनंतर मालकाने भाडे घेऊन किंवा अन्यथा संमतीने ताबा चालू ठेवू दिला तर पट्टा पुढे चालतो, या कलम 116 चा आधार मिळाला तरी निवासी जागेसाठी तो महिन्या-महिन्याचा पट्टा ठरतो आणि करारात वेगळे नसल्यास कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. शिवाय त्या पावत्या 2014 मध्ये वारलेल्या वडिलांच्याच नावाने फाटल्या आहेत, तेव्हा संमती नेमकी कोणाला दिली, हा प्रश्न समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारील. संपत्तिकराच्या पावत्यांनी तर फक्त ताबा दिसतो.

नूतनीकरणाच्या पर्यायात वेळ हा कराराचा गाभा असतो आणि नुसत्या विसराळूपणाला सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅल्टेक्स विरुद्ध भगवानदेवी मरोडिया या प्रकरणात म्हटले आहे. तथापि सार्वजनिक संस्था दंड घेऊन विलंब माफ करू शकते, आणि तसे होईल की नाही हे त्या वेळच्या नियमांवर व थकबाकीवर अवलंबून राहील. म्हणून प्रथम नामांतरणाचा, म्हणजे प्राधिकरणाच्या नोंदीत वडिलांच्या जागी वारसांची नावे लावण्याचा, अर्ज करा. त्यावर आपली, आईची आणि पुण्याच्या बहिणीची सही हवी, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे तिघांचा वाटा सारखा आहे. बहीण हक्क सोडणार असेल तर हक्कत्यागपत्राची रजिस्ट्री करावी लागेल, साधा कागद चालणार नाही. त्याच दिवशी विलंब माफीसह नूतनीकरणाचा अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. कारण न देता नकार आला, तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट करता येईल. पण तिथे किती वर्षे जातील याचा अंदाज मी अशिलांना देणे केव्हाच सोडले आहे.

दलालाने सुचवलेला ‘करारनामा व मुखत्यारपत्रावर विकून टाका’ हा मार्ग मात्र धरू नका. सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी जात नाही असे स्पष्ट केले आहे. बयाणा घेतला असेल, तर पट्टा संपल्याची गोष्ट ग्राहकाला याच आठवड्यात लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.