ख्रिस्ती शिकवणीत शहाणा कोणाला म्हणतात? जास्त शिकलेल्याला का?
नाही, शिक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही. बायबलमधल्या शलमोन राजाने देवाकडे दीर्घायुष्य किंवा संपत्ती मागितली नाही. न्याय नीट करता यावा म्हणून बरेवाईट ओळखणारे मन मागितले. मला सर्वांत नेमका वाटतो तो बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा ३ रा अध्याय: वरून, म्हणजे देवाकडून येणारे ज्ञान (शहाणपण) शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दुसऱ्याचे ऐकून घेणारे आणि दयेने भरलेले असते. मत्सर आणि स्वार्थ असेल तिथे ते नसते. आपल्या गोव्यात वडिलोपार्जित घरावरून भावंडे वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात. या कसोटीवर कायदा तोंडपाठ असलेला भाऊ शहाणा ठरत नाही. अबोला धरलेल्या बहिणीच्या दारात आधी जाणारा ठरतो. ज्ञान कमी पडले तर देवाकडे मागा, तो दोष न लावता देतो, असे त्याच पत्राच्या १ ल्या अध्यायात आहे.