वाचकांचे प्रश्न : मॅच चालू असताना काय बदलावं?

या महिन्यातली बहुतेक पत्रं ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ या, संघाचा मॅनेजर होऊन खेळायच्या गेमबद्दलची आहेत. मेनूमधली नावं गेममध्ये दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधताना गोंधळ व्हायला नको.

प्रश्न : १-० ने पुढे असलो की ७५व्या मिनिटाला मी मेंटॅलिटी ‘पॉझिटिव्ह’वरून ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’ करतो. तरी ८५व्या मिनिटानंतर हमखास गोल बसतो. गेम मुद्दाम असं करतो का?
— वाचक, परळ

गेम मुद्दाम काही करत नाही, तुम्हीच पाहुण्यांना घरात बोलावताय. मेंटॅलिटीच्या, म्हणजे संघ किती आक्रमक खेळेल याच्या, एकूण सात पायऱ्या आहेत आणि तुम्ही एका दमात चार उतरता. मेंटॅलिटी म्हणजे नुसती हिंमत नव्हे. तिच्यामागोमाग टेम्पो मंदावतो, बचावफळी मागे सरकते, संघ आत आक्रसतो आणि प्रेसिंग, म्हणजे समोरच्यांवर धावून जाऊन बॉल हिसकावणं, सैल पडतं. यातलं एकही बटण तुम्ही दाबलेलं नसतं, पण सगळं बदललेलं असतं.

मग मैदानावर काय होतं बघा. तुमचा सेंटर बॅक बॉल लांब मारतो. तो पकडायला पुढे कोणीच नसतं, कारण स्ट्रायकरही मधल्या रेषेच्या अलीकडे येऊन बसलाय. बॉल लगेच परत येतो. समोरच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) क्रॉस मारायला हवा तेवढा वेळ मिळतो. त्यांनी तोवर उंच स्ट्रायकर आणला असेल, तर तुम्ही त्याला तुमच्याच गोलपासून आठ मीटरवर उभं राहू दिलेलं असतं.

त्याऐवजी या क्रमाने जा. आधी फुलबॅकची ड्युटी, म्हणजे त्याने पुढे जायचं की मागे राहायचं हे, बदला. दोघांपैकी जो ‘अटॅक’वर असेल त्याला ‘सपोर्ट’ द्या, आणि धोका त्याच बाजूने असेल तर ‘डिफेंड’. मग मधल्या फळीत एक ताजा खेळाडू आणा. मेंटॅलिटी त्यानंतर, आणि एकच पायरी खाली : ‘पॉझिटिव्ह’ असेल तर ‘बॅलन्स्ड’. वेळ काढायचा तर ‘टाइम वेस्टिंग’ वेगळं वाढवता येतं आणि गोलरक्षकाला ‘स्लो पेस डाउन’ सांगता येतं. तेवढ्यासाठी अख्खा संघ मागे ओढायची गरज नाही. स्ट्रायकरची ‘अटॅक’ ड्युटी काढू नका. तो पुढे असला की त्यांचे निदान दोन बचावपटू मागे अडकून राहतात.

बचावफळीची रेषा किती मागे घ्यायची, हे समोरच्यावर ठरतं. त्यांचा स्ट्रायकर वेगवान असेल आणि पाठीमागच्या जागेत धावत असेल, तर ‘डिफेन्सिव्ह लाइन’ एक पायरी खाली घ्या. तो उंच आणि संथ असेल, तर अजिबात घेऊ नका. दोन्ही ठिकाणी एकच औषध देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रत्येक बदलानंतर खेळातली सहा-सात मिनिटं जाऊ द्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

प्रश्न : माझा संघ १९ शॉट मारतो, ६५ टक्के बॉल आमच्याकडे असतो, तरी मॅच ०-० सुटते. स्ट्रायकर बदलू का?
— वाचक, मुलुंड

आधी एक्सजी, म्हणजे संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोलांचा आकडा, बघा. तुम्ही पाठवलेल्या मॅचमध्ये १९ शॉटचा मिळून एक्सजी ०.७६ आहे, म्हणजे एका शॉटला सरासरी ०.०४. एका पेनल्टीचाच एक्सजी ०.७६ ते ०.७९ च्या घरात धरतात. तेव्हा एकोणीस वेळा मारून तुम्ही जेमतेम एका पेनल्टीएवढी संधी तयार केलीत. स्ट्रायकर बिचारा निर्दोष आहे.

समोरचे दहा जण बॉक्ससमोर भिंत बांधून उभे असतात आणि तुमचे खेळाडू कंटाळून लांबून मारतात. अशा वेळी बहुतेक जण मेंटॅलिटी ‘व्हेरी अटॅकिंग’ करतात आणि तिथेच चुकतात. टेम्पो चढतो, सगळे एकदम बॉक्समध्ये घुसतात, मुळात कमी असलेली जागा आणखी कमी होते. शिवाय बॉल सुटला की मागे दोनच माणसं.

उलट करा. ‘टेम्पो’ एक पायरी कमी, ‘अटॅकिंग विड्थ’ एक पायरी जास्त. ‘वर्क बॉल इंटू बॉक्स’ लावल्यावर लांबचे शॉट कमी होतात, पण क्रॉसही कमी होतात हे ध्यानात ठेवा. तुमची ताकद क्रॉसमध्ये असेल तर ते लावू नका, त्याऐवजी लांबून मारणाऱ्या मिडफिल्डरला तेवढी ‘शूट लेस ऑफन’ ही वैयक्तिक सूचना द्या. मग एका बाजूचा विंगर रेषेला चिकटवा आणि त्याच बाजूच्या मिडफिल्डरला ‘अटॅक’ ड्युटी देऊन त्यांच्या फुलबॅक आणि सेंटर बॅकच्या मधल्या फटीत पाठवा. दोन्ही बाजूंना एकच रचना ठेवलीत तर त्यांची भिंत हलणारच नाही. मध्ये एक जण ‘डिफेंड’वर राहायलाच हवा, नाहीतर ८८व्या मिनिटाला काउंटरवर, म्हणजे त्यांच्या उलट हल्ल्यात, तुम्हीच हराल.

आणि मॅच ‘की’ हायलाइट्सवर बघू नका. त्यात फक्त शेवटचा शॉट दिसतो, बॉल कुठे अडकला ते दिसत नाही. निदान ‘एक्स्टेंडेड’ ठेवा.

प्रश्न : मी मुंबई सिटी घेऊन खेळतो. हाय प्रेस लावलाय, पण ६० मिनिटांनंतर संघ गळतो. बदली खेळाडूंचंही गणित चुकतं.
— वाचक, अंधेरी

अंधेरीचं मैदान तुमच्या घराजवळच आहे, ऑक्टोबर हीटमध्ये तिथे नव्वद मिनिटं धावणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. टॅक्टिक स्क्रीनवर ‘इंटेन्सिटी’ची पट्टी असते. ती भरत आली असेल, तर संघ तासाभरात दमणार हे किकऑफच्या आधीच कळतं.

पहिली २५ मिनिटं जोर लावा, मग ‘ट्रिगर प्रेस’ (किती वेळा प्रेस करायचा) एक पायरी खाली आणा आणि ‘लाइन ऑफ एंगेजमेंट’ (प्रेस जिथून सुरू होतो ती रेषा) ‘मिड ब्लॉक’वर घ्या. हाफ टाइमनंतर दहा मिनिटं पुन्हा वर. प्रेस सैल केलात की ‘काउंटर प्रेस’ही, म्हणजे बॉल गेल्याक्षणी तो परत मिळवायला धावणंही, काढा. नाहीतर बॉल गेल्यावर पुढचे पाच जण धावतात, मागचे जागेवर राहतात आणि मधोमध भगदाड पडतं. प्रेसिंग फसतं ते बहुतेक वेळा याच भगदाडामुळे.

बदल्यांचं म्हणाल, तर पाच खेळाडू, पण तीनच संधींत. हाफ टाइमचा बदल त्यात धरत नाहीत. ६०व्या मिनिटाला दोन, ७२ च्या आसपास दोन आणि एक शेवटपर्यंत हातात, दुखापतीसाठी. खेळाडूच्या नावापुढचं हृदयाचं चिन्ह नारिंगी झालं की तो बाहेर, रेटिंग कितीही चांगलं असो. विंग बॅक आणि बॉक्स टू बॉक्स मिडफिल्डर सगळ्यात आधी दमतात. २०२३-२४ च्या इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी चालतात, त्यामुळे बाकावरच्या परदेशी स्ट्रायकरसाठी आतला कोणता परदेशी काढायचा, हे आधीच ठरवून ठेवा. ७२व्या मिनिटाला हे आठवलं तर उशीर झालेला असतो.

प्रश्न : रेड कार्ड मिळाल्यावर कोणाला काढावं?
— वाचक, गिरगाव

बहुधा नंबर १० ला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणाऱ्याला. ४-२-३-१ मधून तो गेला, दोन्ही विंगर मागे आले, की ४-४-१ आपोआप होतं. स्ट्रायकर काढू नका, कारण वर दिलंच आहे. सेंटर बॅकच बाहेर गेला असेल, तर नंबर १० च्या जागी बाकावरचा सेंटर बॅक आणा. त्या जागेची सवय नसलेला मिडफिल्डर मागे ढकलून एक बदली वाचवता येते, पण पहिल्याच क्रॉसला त्याची किंमत मोजावी लागते. रेषा मध्यम ठेवा, प्रेस कमी करा.

पण मुळात कार्डच टाळता येतं. ज्याला यलो मिळालंय त्याला लगेच ‘ईझ ऑफ टॅकल्स’ सांगा. तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर असेल आणि समोर चपळ ड्रिबलर असेल, तर हाफ टाइमलाच बदला.

प्रश्न : साइडलाइनवरून ओरडण्याचा, म्हणजे शाउट्सचा, काही उपयोग होतो का?
— वाचक, दादर

थोडाफार. ‘एन्करेज’ मागे असताना, ‘फोकस’ पुढे असताना ढिलाई दिसली तर. ‘बिरेट’ने, म्हणजे झापल्याने, घाबरट खेळाडू आणखी ढेपाळतात. शाउट दिल्यावर खेळाडूंच्या नावापुढे प्रतिक्रिया दिसते. तीन-चार जण नाराज दिसले, तर त्या मॅचमध्ये पुन्हा तोंड उघडू नका.

प्रश्न : मधेच ४-३-३ वरून ३-५-२ केलं की संघ बावचळतो. का?
— वाचक, भांडुप

सराव नाही म्हणून. टॅक्टिकचे तीन स्लॉट असतात आणि स्लॉटमध्ये ठेवलेल्याच रचनांची सवय संघाला ट्रेनिंगमध्ये लागते. प्री-सीझनलाच पहिल्या स्लॉटमध्ये नेहमीची रचना, दुसऱ्यात तीच पण एक पायरी सावध, आणि तिसऱ्यात ३-५-२ ठेवा. दुसरा स्लॉट सर्वांत जास्त वापराल.